सात कोटी ओळी, आठ जीबी रॅम

मी एका तालुका दूध संघाच्या संगणक विभागात काम करते. विभाग म्हणजे दोन टेबलं, एक प्रिंटर आणि 8 जीबी रॅमचा एक डेस्कटॉप. 2023 च्या पावसाळ्यात या मशीनवर सात कोटी ओळींच्या तक्त्याचा क्रम बदलायचं काम माझ्याकडे आलं. त्यात जवळजवळ दोन महिने गेले. अशीच अडचण आलेल्या कुणाचे तरी त्यातले काही दिवस वाचतील म्हणून तारखांसकट सगळं लिहून ठेवते आहे.

सुरुवात 12 जून 2023 ला झाली. संघाचे पशुवैद्यकीय अधिकारी माझ्या टेबलाशी येऊन बसले. त्यांना प्रत्येक उत्पादकाच्या दूध घालण्यातले खंड हवे होते. दूध किती दिवस बंद होतं, पुन्हा कधी सुरू झालं, त्यानंतर फॅट कुठपासून कुठे गेली, हे सगळं. जनावरांचा भाकड काळ लांबतोय असा त्यांचा अंदाज होता, आणि तो त्यांना आकड्यांवर तपासायचा होता. आमच्याकडे 1 एप्रिल 2015 ते 31 मार्च 2023 अशी आठ वर्षांची संकलनाची नोंद आहे. दररोज सकाळ-संध्याकाळ सरासरी 12 हजार उत्पादक दूध घालतात. 2,922 दिवस, दोन सत्रं, 12 हजार नोंदी, म्हणजे सात कोटींच्या थोड्या वर ओळी.

खंड मोजायचा तर एका उत्पादकाच्या सगळ्या नोंदी सलग, तारखेच्या क्रमाने एकाखाली एक हव्यात. मग दोन लगतच्या ओळींच्या तारखांची वजाबाकी केली की झालं. आमची नोंद मात्र दिवसाप्रमाणे लागलेली असते: आजची सकाळ, सगळ्या संस्था, सगळे उत्पादक, मग आजची संध्याकाळ. एकाच माणसाच्या दोन नोंदींमध्ये बारा हजार परक्या ओळी असतात. म्हणजे काम एवढंच होतं: संस्था, उत्पादक, तारीख, सत्र या क्रमाने ओळी लावणं. ऐकायला सोपं होतं, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

आधी डेटा हातात यायला हवा. व्यवस्थापकसाहेबांना अर्ज दिला. त्यात सभासदांची नावं आणि बँक खाती लागणार नाहीत, फक्त क्रमांक पुरतील, असं स्पष्ट लिहिलं. असं लिहिल्याने परवानगी दोन दिवसांत मिळाली, नाहीतर विषय संचालक मंडळापुढे गेला असता. संकलनाचं सॉफ्टवेअर बाहेरच्या पुरवठादाराचं आहे. जुनी वर्षं काढून द्यायला त्यांनी जीएसटी धरून 5,900 रुपये घेतले आणि 11 दिवस लावले. मिळाल्या 96 सीएसव्ही फायली, महिन्याला एक, प्रत्येकीत सव्वासात लाखांच्या आसपास ओळी. एक्सेलच्या एका शीटमध्ये 10,48,576 ओळी मावतात. एक महिना उघडतो, दोन महिने जोडले की संपलं.

रॅम वाढवावी ही टिपणीही मी 19 जूनलाच टाकली होती. 8 जीबीची एक पट्टी तेव्हा दोन हजारांच्या आत येत होती, पण नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं लागतात. ती 3 जुलैपर्यंत जमली. खरेदी समितीची बैठक 18 जुलैला ठरली. तोवर आहे त्या मशीनवर काय होतं ते बघायचं ठरवलं.

मला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत होती, तीही कामापुरती. पँडाज या पायथनच्या तक्त्यांसाठीच्या पॅकेजमध्ये दोन वर्षांचा डेटा, म्हणजे पावणेदोन कोटी ओळी, घेऊन पाहिला. तो आला. मग सॉर्ट केलं, आणि टास्क मॅनेजरमधली मेमरीची रेघ उभीच्या उभी चढली. तक्ता जेवढा होता तेवढीच जागा आणखी लागली होती. सॉर्टला ‘इनप्लेस’ असा एक पर्याय आहे. तो चालू केल्यावर जागच्या जागी काम होईल अशी माझी समजूत होती. तसं होत नाही. आत नवा क्रमवार तक्ता पूर्ण तयार होतो आणि शेवटी जुन्याचं नाव नव्याला दिलं जातं. काम चालू असताना दोन्ही मेमरीत असतात. हे मला कळायला तीन दिवस लागले, म्हणून इथे ठळकपणे सांगते: पर्यायाच्या नावावर जाऊ नका, मेमरीची रेघ बघा.

मग कागदावर हिशेब मांडला. हा हिशेब मी पहिल्याच दिवशी करायला हवा होता. तक्त्यात दहा कॉलम. संस्था, उत्पादक, तारीख, सत्र आणि जनावर हे पाच पूर्णांक, प्रत्येकी 4 बाइट. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर आणि रक्कम हे पाच दशांश, प्रत्येकी 8 बाइट. एका ओळीला 60 बाइट, सात कोटींना 4.2 जीबी. प्रत काढून सॉर्ट करायचं तर 8.4 जीबी. विंडोज आणि बाकीचं वजा जाता माझ्या मशीनवर साडेपाच जीबी मोकळी असते. म्हणजे प्रत काढणं शक्यच नव्हतं.

उपाय त्या कागदावरच दिसत होता. सगळ्या तक्त्याची प्रत नको, एका वेळी एकच कॉलम हलवायचा. आधी फक्त क्रम काढायचा, म्हणजे पहिल्या जागी कितव्या ओळीतलं मूल्य यावं, दुसऱ्या जागी कितव्या, अशी यादी. मग ती यादी धरून एक कॉलम लावायचा, त्याची जुनी जागा सोडायची, आणि पुढचा घ्यायचा. जादा जागा लागते ती क्रमाच्या यादीची आणि एका कॉलमची.

नमपाय या पायथनच्याच आकड्यांसाठीच्या पॅकेजमध्ये मी पूर्ण लांबीचे दहा रिकामे कॉलम आधीच घेतले आणि एकेक महिना वाचून त्यांत भरत गेले. 96 तुकडे वाचून शेवटी जोडायला गेलात तर जोडतानाच तुकडे आणि अख्खा तक्ता दोन्ही मेमरीत येतात आणि सॉर्टच्या आधीच अडकायला होतं. क्रम काढायला नमपायमधलं लेक्ससॉर्ट वापरलं. त्यात सर्वांत महत्त्वाचा कॉलम शेवटी द्यावा लागतो. मी उलट दिला होता, आणि सगळ्या आठ वर्षांच्या सकाळी एकत्र आल्या तेव्हा चूक कळली.

आता 11 जुलै. दहा दिवसांच्या बिलाचा दिवस. माझा कॉलम हलवण्याचा लूप चालू होता. मेमरी काठोकाठ भरल्याने मशीन हळू झालं होतं आणि एकेका कॉलमला कित्येक मिनिटं लागत होती. लेखा विभागातले काका आले. त्यांच्या मशीनवरून बँकेची फाइल जात नव्हती. “अगं, अर्धा तास दे फक्त, बिल अडकलंय,” म्हणाले. सातशे घरांचे पैसे त्या फाइलवर होते, नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. मी लूप थांबवला आणि खुर्ची दिली. परत आले तेव्हा सगळं तसंच उघडं होतं, चूक दाखवणारा संदेश मागच्या पानावर गेला होता, आणि पहिले चार-पाच कॉलम बघितले तर ते छान क्रमात होते. झालं असं समजून मी पुढे गेले.

खरं तर सहाच कॉलम हलले होते. संस्था, उत्पादक, तारीख, सत्र, जनावर, लिटर. फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम जुन्याच जागी होते. प्रत्येक ओळ मधोमध फाटली होती. एका माणसाचा क्रमांक आणि दूध, आणि शेजारी दुसऱ्याच कुणाची फॅट आणि पैसे.

मी तपासणी केली नव्हती असं नाही. प्रत्येक कॉलमची बेरीज मूळ फायलींशी ताडून पाहिली होती, आणि ती पैशापर्यंत जुळली होती. जुळणारच. कॉलममधली मूल्यं वर-खाली केल्याने बेरीज बदलत नाही. माझ्या तपासणीने ही चूक कधीच पकडली नसती.

पकडली ती पशुवैद्यकीय डॉक्टरांनी. मी पाठवलेल्या नमुन्याच्या पन्नास ओळींवरून त्यांनी नजर फिरवली आणि फोन केला. “म्हशीच्या दुधाला साडेतीन फॅट? आणि त्याच म्हशीला संध्याकाळी सात?” गाईचं दूध आमच्याकडे 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला धरून मोजतात, म्हशीचं सहाच्या पुढे जातं. हे मला रोज डोळ्यांपुढे दिसत असूनही माझं लक्ष गेलं नव्हतं. त्या रात्री मला झोप आली नाही. त्या आकड्यांवरून एखाद्याच्या गोठ्यात औषधोपचार सुचवला गेला असता, हा विचार जाईना.

दुसऱ्या दिवशी लिटर गुणिले दर हे ओळीच्या रकमेशी ताडून पाहिलं. बहुतेक सगळ्या ओळी चुकत होत्या. तेव्हापासून माझी तपासणी ही आहे. ओळीच्या आतलं नातं तपासायचं. तुमच्या तक्त्यात असं नातं नसेल तर आधीच एक कॉलम तयार करा, ओळीतल्या सगळ्या मूल्यांवरून काढलेला एखादा आकडा, आणि क्रम लावल्यावर तो पुन्हा काढून ताडा.

पुण्यात असलेल्या मावसभावाला फोन केला. तो विम्याच्या आकड्यांचं काम करतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ताई, हे हाताने कशाला करतेस? आरमध्ये डेटा.टेबल घे. त्यात सेटऑर्डर आहे.” आर ही आकडेवारीसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा, आणि डेटा.टेबल हे तिच्यासाठी मॅट डाउल यांनी सुरू केलेलं पॅकेज, 2006 पासून उपलब्ध आहे, फुकट आहे. सेटऑर्डर हा त्यातला ओळी क्रमाने लावायचा हुकूम. त्याच्या माहितीतच लिहिलेलं असतं की एका कॉलमएवढ्या तात्पुरत्या जागेपलीकडे कसलीही प्रत काढली जात नाही. म्हणजे मी हाताने करत होते तीच पद्धत, फक्त सगळे कॉलम एकाच हुकुमात.

आर बसवायला पुन्हा परवानगी लागली, ती चार दिवसांनी, 18 जुलैला मिळाली. त्याच दिवशी खरेदी समितीने रॅमही मंजूर केली, पण पट्टी यायला वेळ होता. रॅम येईपर्यंत थांबावं असं साहेब म्हणाले. मी हिशेब पुन्हा मांडून दाखवला आणि चालू ठेवलं.

हे काम एका कॉलमएवढ्या जागेशिवायही होऊ शकतं का, हा प्रश्न मला मध्ये पडला होता. होतं. मी ते कोल्डरूममध्ये सहा कॅन मांडून करून बघितलं, कारण कागदावर नीट पटत नव्हतं. कॅनवर खडूने 60, 50, 30, 10, 20, 40 असे आकडे टाकले. चढत्या क्रमाने लावायचे आणि हातात एका वेळी एकच कॅन घ्यायचा. पहिल्या जागेवरचा 60 उचलून बाजूला धरला. तिथे चौथ्या जागेवरचा 10 आणला. चौथी जागा रिकामी झाली, तिथे सहाव्या जागेवरचा 40 आणला. सहावी रिकामी झाली, आणि हातातला 60 नेमका तिथलाच निघाला. एक फेरा पूर्ण. मग दुसऱ्या जागेवरचा 50 उचलला, पाचव्यातला 20 तिथे, 50 पाचव्यात. दुसरा फेरा. 30 जागेवरच होता. कसलाही क्रम असला तरी तो अशा फेऱ्यांमध्ये सुटा होतो, आणि कुठल्या जागा झाल्या याची खूण ठेवली की हातात एका कॅनपेक्षा जास्त काही लागत नाही. संकलनावरची मुलं उभी राहून बघत होती. त्यांना ते माझ्याआधी समजलं.

मग सगळे असंच का करत नाहीत? कारण सात कोटींत फेरा घालताना पुढची जागा कुठेही असते. प्रत्येक उडीला प्रोसेसरला मेमरीच्या वेगळ्याच कोपऱ्यात जावं लागतं, वाचायलाही आणि लिहायलाही. एक कॉलम बाजूला घेण्याच्या पद्धतीत वाचणं तसंच उड्या मारत होतं, पण लिहिणं सरळ एका ओळीत जातं. थोडी जागा देऊन वेळ वाचतो.

क्रम लावायच्या आधी तक्ता आखूड केला. लिटर शंभराने गुणून, फॅट आणि एसएनएफ दहाने गुणून, दर आणि रक्कम पैशांत, असे सगळे पूर्णांक केले. ओळ 60 वरून 40 बाइटवर आली, तक्ता 4.2 वरून 2.8 जीबीवर. अगोदर हे सुचलं असतं तर जुलैतला मशीनचा संथपणा टळला असता.

पहिला प्रयोग एका महिन्यावर केला, आणि बरं झालं. सत्राचा कॉलम मी तेव्हा अक्षरांतच ठेवला होता, ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’. सेटऑर्डरने प्रत्येक दिवसाची संध्याकाळ सकाळच्या आधी लावली. तो शब्दकोशाच्या क्रमाने नाही, तर अक्षरांच्या संगणकातल्या क्रमांकांनी चालतो. युनिकोडमध्ये अनुस्वाराचा क्रमांक सगळ्या स्वर-व्यंजनांच्या आधी आहे, म्हणून ‘सं’ हा ‘सक’च्या आधी येतो. त्याच कारणाने अंबाजोगाई अकोल्याच्या आधी येते. ‘ॲ’ तर ‘ह’च्याही नंतर आहे. मराठी मजकुरावर क्रम लावणार असाल तर हे लक्षात ठेवा. मी सकाळ 1, संध्याकाळ 2 केलं.

त्याच प्रयोगात दुसरी गोष्ट कळली, आणि ती जास्त महत्त्वाची. क्रम लावायच्या आधी मी तक्त्याला ‘मूळ’ असं दुसरं नाव देऊन ठेवलं होतं. काही बिघडलं तर परत जायला. सेटऑर्डर चालवलं आणि ‘मूळ’ उघडला, तर तोही नव्या क्रमात. दुसरं नाव दिल्याने दुसरा तक्ता होत नाही, दोन्ही नावं मेमरीतल्या त्याच जागेकडे बोट दाखवतात. ती जागाच बदलली तर जुनं काही उरत नाही. खरी प्रत हवी तर ती मुद्दाम काढावी लागते, आणि त्यासाठी माझ्याकडे जागा नव्हती म्हणून तर हा सगळा खटाटोप.

परत जायची वाट मग तक्त्यातच ठेवली. क्रम लावायच्या आधी ‘आवक क्रमांक’ नावाचा एक कॉलम, एक ते सात कोटी. त्याला फक्त 0.28 जीबी लागले. नंतर कधीही त्या कॉलमवर पुन्हा सेटऑर्डर केलं की तक्ता जसा आला होता तसा होतो. या लेखातली एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला.

पूर्ण तक्ता 2 ऑगस्टला लावला. दुपारी, बिलाचा दिवस नसताना, दाराला आतून कडी घालून. त्याआधी लिटर गुणिले दर न जुळणाऱ्या ओळी मोजल्या. हाताने दुरुस्त केलेल्या जुन्या पावत्यांच्या अशा 212 होत्या. तक्ता 3.08 जीबी, मोकळी जागा साडेपाच. म्हणजे इतका आखूड करूनही दोन प्रती मावल्या नसत्याच. हुकूम दिला. मेमरीची रेघ थोडी वर गेली, थरथरली, खाली आली. मिनिट व्हायच्या आत काम संपलं होतं. न जुळणाऱ्या ओळी पुन्हा मोजल्या, 212. त्या 212 चे आवक क्रमांकही तेच. डेटा.टेबलमध्ये कॉलमचा मेमरीतला पत्ता विचारता येतो. तो मी आधी लिहून ठेवला होता, नंतरचाही अक्षर न् अक्षर तोच निघाला. ओळी हलल्या होत्या, घर तेच होतं. मला भरून आलं. काकांना बोलावून दाखवलं, त्यांनी चहा सांगितला.

खंड काढणं पुढे फारच सोपं होतं, एका दिवसात झालं. डॉक्टरांनी एक सावधगिरी सांगितली. एका घरात चार जनावरं असतात, म्हणून दूध पूर्ण बंद झालं तरच खंड दिसतो, आणि बंद होण्याचं कारण दुसऱ्या डेअरीला दूध जाणं हेही असू शकतं. त्यामुळे यादी हा निष्कर्ष न धरता कुणाला भेटायचं याची सुरुवात धरायची. 9 ऑगस्टला मी साठ दिवसांहून मोठ्या खंडांची यादी पेनड्राइव्हवर दिली. त्यांनी ती उघडल्यावर आधी म्हशीची फॅट पाहिली.

रॅम 24 ऑगस्टला आली आणि बसवली. सप्टेंबरात लेखापरीक्षकांना 2019 मधल्या एका आठवड्याच्या पावत्या आवक क्रमाने हव्या होत्या. तक्ता आवक क्रमांकावर परत लावला. वर 1 एप्रिल 2015 ची सकाळ, पहिली संस्था. हवा तो आठवडा छापला. लेखापरीक्षक कागदी पावत्यांचं बाड उघडून एकेका ओळीवर पेन्सिलीने बरोबरची खूण करत गेले, आणि मी संध्याकाळपर्यंत शेजारी बसून राहिले.